चॅम्पियन बाईंचं शेणाचं कोर्ट

मी आठवीत असताना आमच्या गोरेगावच्या शाळेत पीटीला नव्या बाई आल्या. पीटीचा तास म्हणजे आमच्याकडे गणिताच्या सरांनी पोर्शन संपवायचा तास. चुकून मोकळा मिळालाच तर मुलगे क्रिकेट खेळायचे आणि आम्ही मुली पायऱ्यांवर बसून गप्पा मारायचो. नव्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात गणिताच्या सरांना वर्गाच्या दारातून परत पाठवलं. "हा माझा तास आहे," एवढंच म्हणाल्या. सर हसले. त्यांना वाटलं, बाई चेष्टा करतायत. बाई हसल्या नाहीत.

बाई चाळिशीच्या, बुटक्या, काळ्यासावळ्या. पदर खोचलेला आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आम्हाला त्यांनी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी नेलं, पिशवीतून लाकडी रॅकेट काढली आणि टाकीच्या भिंतीवर बॉल मारायला लागल्या. बॉल दर वेळी तिथेच लागत होता. आम्ही बघतच राहिलो.

"बाई, हे बॅडमिंटन ना?" एकीने विचारलं.

"टेनिस. मी महाराष्ट्राची चॅम्पियन होते." आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले. "टाळ्या नकोत. एकेक करून पुढे या."

त्या दिवशी तीसेक मुलींनी रॅकेट धरली असेल. दुसऱ्या आठवड्यात दहाजणी उरल्या आणि दिवाळीनंतर आम्ही चौघी. चौघींत मी बरी होते. हात लांब होते आणि घरी कुणी लक्ष देत नव्हतं, म्हणून वेळ होता. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. ते आरे कॉलनीतल्या म्हशींच्या गोठ्यावर कामाला लागले होते आणि आम्ही लालबागची खोली सोडून तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायला आलो होतो. गिरणी गेल्यापासून बाबा फारसे बोलत नसत. बोलले तर मालवणीत आणि तुटक. रॅकेट बघून म्हणाले, "खेळान पोट भरता काय?" मी म्हटलं, बाईंना विचारून सांगते. खरंच विचारलं.

"नाही भरत," बाई म्हणाल्या. "मग पोट भरायला मी इथे नोकरी का केली असती?"

बाईंची गोष्ट अशीच तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. त्यांचे वडील साताऱ्याकडून आले आणि मुंबईत एका जिमखान्यात मार्कर म्हणून लागले. मार्कर म्हणजे क्लबातला पगारी खेळाडू. मेंबरला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायचं आणि शक्यतो हरायचं. भर दुपारी मेंबर घरी झोपलेले असत. त्या वेळात वडिलांनी मुलीला शिकवलं, पण हरायला मात्र शिकवलं नाही. सोळाव्या वर्षी तिने राज्याच्या स्पर्धेत नाव दिलं. बायकांची कपडे बदलायची खोली फक्त मेंबरांसाठी होती, म्हणून ती रोलर आणि जाळ्या ठेवायच्या शेडमध्ये कपडे बदलून कोर्टवर आली आणि जिंकली. बक्षिसानंतर सगळ्यांना आत चहा होता. तिचा कप बाहेर व्हरांड्यात आणून दिला.

"तुम्ही प्यालात?" मी विचारलं.

"प्याले. तहान लागली होती."

पुढे अनेक वर्षं बाई राज्यात पहिल्या होत्या. सत्कार एकच झाला. तो गोवंडीला, त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात. शाल, हार, भाषणं झाली आणि शेवटी एका म्हातारीने त्यांना जवळ घेऊन विचारलं, "लेकी, तू नेमकं काय केलंस गं?" हे सांगतानाच तेवढं बाईंना हसू यायचं. पुढचं सांगताना यायचं नाही. बायकांचा संघ परदेशी खेळायला जाणार होता. बाईंचं नाव आलं होतं, पासपोर्ट झाला होता, आईने प्रवासाला लाडू करून ठेवले होते. मग कळलं, मुलींबरोबर जायला मॅनेजर बाई मिळत नाही म्हणून संघच रद्द. पुरुषांचा संघ गेला. "पुढच्या वर्षी नक्की," असं सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग लग्न, मूल, आणि ही नोकरी.

टाकीच्या भिंतीवर बॉल मारून टेनिस येत नाही. कोर्ट पाहिजे. अंधेरीच्या क्लबात बाई विचारून आल्या. मेंबर नसलेल्यांना कोर्ट देत नाहीत, शाळेला तर नाहीच, असं उत्तर मिळालं. मग एक दिवस त्या मला घरी सोडायला आल्या आणि क्वार्टर्समागचा सपाट तुकडा बघून उभ्याच राहिल्या. गुडघाभर गवत, बाजूला करवंदीची जाळी आणि वाऱ्यावर गोठ्यांचा वास.

"इथे शेण मिळेल ना?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. ह्या बाईचं काहीतरी बिनसलंय, असं त्यांना वाटलं असणार. सगळी आरे कॉलनी शेणाने भरलेली आणि ही विचारते मिळेल का.

बाई म्हणाल्या, दक्षिणेत शेणाने सारवलेल्या कोर्टवर खेळतात, बॉल छान उडतो. कॉलनीतल्या साहेबांना भेटून त्यांनी परवानगी काढली. सगळी मे महिन्याची सुट्टी आम्ही चौघी आणि बाई तिथे राबलो. गवत उपटलं, दगड वेचले, लाल माती पसरून धुमसली, म्हणजे ठोकून घट्ट केली. सारवायचं काम मला आणि आईला येत होतं, गावच्या घरातली सवय. बाईंना येत नव्हतं. त्या हात बरबटून घेत आणि आई त्यांना बजावायची, "पातळ करा, अजून पातळ." चुन्याने रेघा मारल्या. जाळी जिमखान्यातून टाकून दिलेली, बाईंनी मागून आणलेली. तिची भोकं आमच्यातल्या वर्सोव्याच्या मुलीने कोळ्यांच्या दोऱ्याने विणून काढली.

पहिल्यांदा खेळलो तेव्हा बॉल खरंच झकास उडाला. संध्याकाळपर्यंत तो हिरवट झाला आणि आमचे हात, बूट, केस सगळ्याला वास यायला लागला. वर्गात मुलगे नाक दाबायचे. आम्ही शिव्या द्यायचो.

पावसाने सारवण गेलं की परत सारवायचो, आणि असं वर्षभर तिथे खेळलो. शाळा सुटली की बाई माझ्याबरोबर बसने आरेत यायच्या आणि अंधार पडेपर्यंत थांबून मग दोन बस बदलून गोवंडीला जायच्या. घरी स्वयंपाकाचं काय करता, असं आईने एकदा विचारलं. "उशीर करते," असं त्यांचं उत्तर. बाई शिकवायला गोड नव्हत्या. "बॅकहँड उशिरा घेतेस. झोपली होतीस?" हे मी रोज ऐकायची. चांगलं मारलं तर काहीच बोलायच्या नाहीत. तेवढ्यावर ओळखायचं.

मग एका सोमवारी आम्ही पोचलो तर कोर्टवर ट्रक उभा. शूटिंगवाले होते. कुणाला न विचारता आत शिरले होते. क्रेनच्या चाकांनी सारवण फोडून खाली मातीत चर पडले होते आणि बेसलाइनवर चार नाचणाऱ्या बाया घागरे सावरत उभ्या होत्या. बाई सरळ प्रॉडक्शन मॅनेजरकडे गेल्या.

"हे कोर्ट आहे."

"कसलं कोर्ट?" त्याने इकडेतिकडे बघितलं. "मॅडम, ही तर शेणाची जमीन आहे ना? दोन दिवसांत करून देतो पहिल्यासारखी."

दोन दिवसांनी ते गेले. कुणी काही करून दिलं नाही. आम्ही परत दगड वेचले, परत माती धुमसली, परत सारवलं. ह्या वेळी बाबाही आले. धुमस घेतली आणि ठोकत राहिले.

मी नववीत असताना अंधेरीच्या त्याच क्लबात पुरुषांची आणि मुलींची स्पर्धा होती. त्यातून राज्याच्या सराव शिबिरासाठी मुली निवडणार होते. बाईंनी माझं नाव घातलं. बाकीच्या मुली पांढऱ्या प्लीटच्या स्कर्टमध्ये, मी शाळेच्या पीटीच्या ड्रेसमध्ये. मुलींचे सामने मागच्या कोर्टवर, गाड्या लावायच्या जागेशेजारी आणि भर उन्हात. मला ऊन नवीन नव्हतं. एकेक करत मी सेमीफायनलला पोचले.

समोर क्लबातल्याच एका मेंबरची मुलगी होती. चांगली खेळायची. पहिला सेट माझा, दुसरा तिचा. तिसऱ्यात मी चार-दोन पुढे. तिचा दम गेला होता आणि मला ते दिसत होतं. तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी कोर्टच्या दारात आले. मागे रॅकेटी घेऊन चार पुरुष.

"बाई, चार वाजले. मेंबर्सचा टाइम. उद्या सकाळी या, इथूनच पुढे खेळवू."

बाई कडेच्या बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "पुढच्या कोर्टवर पुरुषांची मॅच चाललीय. ती पण थांबवणार?"

"ते वेगळं आहे."

"वेगळं कसं?"

"अहो, मुलींचीच तर मॅच आहे. उद्या संपवू ना. काय बिघडतं?"

बाई उठल्या, कोर्टवर आल्या आणि जाळीच्या खांबाला टेकून खाली बसल्या. मांडी घालून. "मॅच संपली की उठते," म्हणाल्या.

आधी सगळे हसले. मग हसेनात. माझ्या समोरची मुलगी म्हणाली, "अंकल, आम्ही खेळतो ना, थोडंच राहिलंय." तिच्या वडिलांनी तिला हाक मारून बाहेर बोलावलं. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, पाच मिनिटांत कोर्ट सोडलं नाही तर तुमच्या मुलीला स्क्रॅच करावं लागेल, म्हणजे स्पर्धेतून बाद.

मी बाईंजवळ गेले. लाजेने मेल्यासारखं झालं होतं. "बाई, उठा ना. उद्या येऊ. मी उद्या पण जिंकेन."

"उद्या नाही," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

मला स्क्रॅच केलं.

बसस्टॉपवर बाई म्हणाल्या, "मी पण आयुष्यभर उद्या, पुढच्या वर्षी, हेच ऐकत आले. एकदा हो म्हटलं की दर वेळी उद्याच."

"ते तुमचं झालं," मी म्हटलं. बाईंशी असं कुणी बोलत नसे. "ही मॅच माझी होती. मी चार-दोन पुढे होते. मला विचारलंत का?"

बस आली. आम्ही दोघी उभ्याने गेलो, जागा असून.

आजही मला कळत नाही की त्या दिवशी मला जास्त राग कुणाचा आला होता. सेक्रेटरीचा आला होता, हे नक्की. पण त्याचा राग सोपा होता. बाईंचं म्हणणं खरं होतं आणि माझंही खरं होतं. दोन्ही खरी असून मला शिबिर मिळालं नाही, हे त्याहून खरं. माझ्या समोरची मुलगी फायनल हरली, तरी शिबिराला गेली.

मी आरेत खेळत राहिले, पण पूर्वीसारखं नाही. दहावीत गेल्यावर "पुरे झाला. धावीचा वरस आसा," असं बाबा म्हणाले तेव्हा मी वादही घातला नाही. त्याच सुमारास बाईंची बदली मुलुंडच्या शाळेत झाली. शाळेत म्हणत, गणिताच्या सरांनी वरपर्यंत तक्रार नेली होती. खरं-खोटं माहीत नाही. बाईंशिवाय कोर्टची देखभाल झाली नाही. पावसाने सारवण धुऊन नेलं आणि गवत परत आलं.

मी बारावीनंतर परीक्षा देऊन बँकेत लागले. घाटकोपरच्या ब्रँचला. बँकेच्या क्रीडा महोत्सवात बायकांसाठी कॅरम आणि संगीत खुर्ची होती. टेनिसबद्दल विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "इंटरेस्टेड किती लेडीज आहेत?" मी एकटीच होते.

एका शनिवारी हाफ-डे संपवून मी मुलुंडला बाईंना शोधत गेले. शाळेला मैदान नव्हतं. बाई शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, पार्क केलेल्या दोन स्कूटरच्या मधल्या जागेत, सहा मुलींना शिकवत होत्या. वरच्या गॅलरीतून एक गृहस्थ ओरडत होते की दुपारची झोप होत नाही. बाई त्यांच्याकडे दुर्लक्ष करत होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. मला बघून म्हणाल्या, "आलीस? बस." जणू काल भेटलो होतो.

मुली गेल्यावर चहा घेतला. मी विचारलं, कशा आहात.

"परवा मला बोलावलं होतं गं. राज्याच्या स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला. जुन्या चॅम्पियन म्हणून. माझ्या हस्ते मुलींना कप द्यायचा होता. स्टेजवर बसवलं, बिल्ला लावला. पुरुषांची फायनल लांबली. मंत्र्यांना पुढे जायचं होतं. मग पुरुषांचं बक्षीस आधी, मग भाषण, मग मंत्री निघाले तसे सगळे त्यांच्यामागे. मुलींना कप ऑफिसमधून घेऊन जा म्हणून सांगितलं."

"आणि तुम्ही?"

"मी बसून होते. शेवटपर्यंत. बिल्ला लावून." त्यांनी कप खाली ठेवला. "अंधेरीला मांडी घालून बसले होते ती मी, आणि तिथे दोन तास तोंडातून शब्द काढला नाही. खुर्ची दिली ना, तिथे फसले."

त्यांची समजूत काढावी असं वाटलं नाही, कारण त्यांना समजूत नको होती. मला आतून इतका संताप आला की मी म्हटलं, "उठायला हवं होतं तुम्ही."

"हवं होतं," बाई म्हणाल्या.

मग त्या उठल्या, मला एक रॅकेट दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आम्ही आळीपाळीने बॉल मारला. वरचे गृहस्थ पुन्हा गॅलरीत आले. मी ऑफिसच्या साडीत, चपला काढून, अनवाणी. चौथ्या-पाचव्या बॉललाच माझा हात चुकला आणि बॉल स्कूटरखाली गेला.

"उशिरा घेतेस," बाई म्हणाल्या, आणि वाकून बॉल शोधायला लागल्या.