कुसमढाना नावाचं गाव होतं

ताई गेली त्या दुपारी मी भोपाळच्या अवधपुरीतल्या घरी कुंड्यांना पाणी घालत होतो. ती राहायची त्या बाग सेवनियातून तिच्या शेजारणीचा फोन आला. "भैया, आप आ जाइए," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढे काही विचारायची गरज उरली नाही. जेवून नेहमीसारखी जरा लवंडली होती, ती उठलीच नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असं मरण आलं की लोक म्हणतात, सुटली, त्रास झाला नाही. मीही दोन दिवस सगळ्यांना तेच सांगत होतो. तिसऱ्या दिवशी इथल्या एका हिंदी वर्तमानपत्रात तिच्यावर चार ओळी आल्या. बायको कौतुकाने मोठ्याने वाचू लागली... लोकनृत्यांवर निस्सीम प्रेम करणारी, आदिवासींचा हसरा चेहरा कॅमेऱ्यात टिपणारी कलावंत हरपली. मी म्हटलं, "पुढे वाचू नकोस." तिने पेपर मिटला. बहिणीच्या मृत्यूनंतर मला पहिल्यांदा जे खरंखुरं वाटलं ते दुःख नव्हतं, संताप होता. आता दोन महिने होत आले तरी तो उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

नलिनीताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाबा नागपूरचे, राज्यांची नव्याने वाटणी झाली तेव्हा कचेरीबरोबर भोपाळला आले, आणि आमचं सगळं बालपण शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. बाबा जमीन महसुलाच्या खात्यात होते. सरळ माणूस, कुणाच्या चहालाही मिंधा नाही. पण त्यांचा एक ठाम सिद्धांत होता. "जमीन कागदावर असते, नलू. कागद नाही तर जमीन नाही." ताई कॉलेजात असल्यापासून यावर त्यांच्याशी भांडायची. "कागद निघायच्या आधी जमीन नव्हती का, बाबा? लोक काय हवेत नांगरत होते?" बाबा आमटीत भात कालवत म्हणायचे, "तुझं बरोबर असेल. पण कचेरीत चालणार नाही." पुढे ती पुण्याला जाऊन कॅमेरा शिकली, परत आली, आणि सरकारी खात्यांसाठी कुटुंबकल्याण, साक्षरता, लसीकरण असे छोटे माहितीपट करू लागली. आईला वाटायचं, हिला शाळेत नोकरी मिळाली असती तर बरं झालं असतं. मला मात्र तिचा हेवा वाटायचा. मी कारखान्यात त्याच त्या यंत्रासमोर उभा, आणि ही आज छिंदवाड्याला, उद्या बैतूलला.

नव्वदच्या दशकात एका खात्याने तिला आदिवासी नृत्यांवर माहितीपट करायला सांगितला. त्यासाठी ती कुसमढान्याला गेली. अभयारण्याच्या कडेला, डोंगराच्या कुशीत गोंडांची वस्ती होती ती. गावातल्या सुक्कूदादा उइकेंना तिने नाचाबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, "नाच देखना है तो फागुन में आना. पर फागुन तक हम यहाँ रहेंगे कि नहीं, पता नहीं." गाव उठवायची नोटीस आलेली होती. जंगल वाघांसाठी मोकळं करायचं होतं, आणि पिढ्यान् पिढ्या तिथे कोदो-कुटकी पिकवणाऱ्या माणसांच्या नावावर एकही कागद नव्हता. ताईने खात्याला हवा होता तेवढा नाच चित्रित करून पाठवून दिला आणि आपल्या हिमतीवर तिथेच राहिली. सुक्कूदादा आणि गावातले म्हातारे शेतांच्या कडेकडेने चालत राहिले, ती कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे. ते दाखवत जात, हे शेत माझ्या आजोबांनी खणलेलं. ही विहीर अमक्याच्या लग्नाच्या वर्षी बांधलेली. या झाडाखाली आमचे देव, त्या दगडांखाली आमची माणसं. मग ट्रक आले. घरांची कौलं उतरवून घेताना माणसं जपून, एकेक करून घेत होती, जणू ती पुन्हा कुठेतरी बसवायची आहेत. यातून तिने स्वतःचा जो माहितीपट केला त्यात शेवटी एक अधिकारी खुर्चीत बसून शांतपणे सांगतो, "देखिए, वहाँ कोई गाँव था ही नहीं. कुछ झोपड़ियाँ थीं. लोग अपनी मर्ज़ी से हटे हैं." ताईने त्याच्यावर एक शब्द भाष्य केलं नाही. त्याचं वाक्य संपतं आणि पडद्यावर विहीर दिसते. बस्स.

खात्याने तो माहितीपट बघितला आणि ताईला पुन्हा काम दिलं नाही. तिने पाठवलेला नाच मात्र जपून ठेवला. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

एका मोठ्या शहरातल्या महोत्सवात तिच्या माहितीपटाला पारितोषिक मिळालं. मी तिच्याबरोबर गेलो होतो. वातानुकूलित सभागृह, उंची साड्या, खादीचे कुर्ते. संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, काहींचे डोळे ओले होते. मग प्रश्नोत्तरं झाली. एकाने विचारलं, इतका सुंदर उजेड कसा साधलात. दुसऱ्याने विचारलं, त्या म्हाताऱ्याचा चेहरा तुम्हाला सापडला कसा. गाव आत्ता कुठे आहे, त्या माणसांचं काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसून होती. मी म्हटलं, "एवढ्या लोकांनी बघितला, हेही काही कमी नाही." ती म्हणाली, "शरद, त्यांनी उजेड बघितला."

पण खरा तडाखा तिला त्यानंतर बसला, आणि तो द्यायचा हक्क ज्यांना होता त्यांच्याकडून बसला. पारितोषिक घेऊन ती नव्या वस्तीत गेली. नवी वस्ती म्हणजे हमरस्त्यालगतचा मुरमाड माळ, वर पत्रे, हातपंपाला लाल पाणी. सुक्कूदादा तोवर वारले होते. त्यांच्या सुनेने, फुलवतीबाईने, ताईला पाणी दिलं, बसायला खाट दिली आणि सरळ विचारलं, "दीदी, हमारा गाँव दिल्ली वालों ने देख लिया, बंबई वालों ने देख लिया. हमने तो देखा ही नहीं. तुम हमारा गाँव किसके लिए ले गई थीं?" हे ताईनेच मला सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता. पुढच्या खेपेला ती भाड्याचा टीव्ही आणि बॅटरी घेऊन गेली. त्यानंतर तिने आणखी माहितीपट केले, धरणाखाली गेलेल्या गावांवर, खाणीसाठी घेतलेल्या डोंगरावर. पण जे गाव चित्रित केलं त्याने बघून, नावं ठेवून, हवं ते काढायला लावून होकार दिल्याशिवाय एकही बाहेर दाखवला नाही. महोत्सववाले कंटाळले. तिला बोलावणं बंद झालं. तिने त्याची खंत केल्याचं मला आठवत नाही. आणि फुलवतीबाई? ती पुढे बाग सेवनियाच्या त्या दोन खोल्यांमध्ये हक्काने उतरू लागली. दोघी स्वयंपाकघरात बसून लसूण सोलत अशा काही भांडायच्या की शेजारी डोकावून जायचे.

मग वनहक्काचा कायदा आला. बाबा तेव्हा हयात नव्हते, असते तर ताईने त्यांना पेढा भरवला असता. कसत आलेल्या जमिनीवर आता कागद नसला तरी दावा करता येणार होता. कुसमढान्याच्या लोकांनी दावा केला. उत्तर आलं, तुमचा तिथे ताबा होता याला पुरावा नाही. ताबा कसा असणार, तो तर यांनीच ट्रकमध्ये भरून माळावर आणून टाकला होता. ताई आपला माहितीपट घेऊन दावे तपासणाऱ्या समितीपुढे पेशीला, सुनावणीला गेली. मीही गेलो होतो, तिचे गुडघे दुखायचे म्हणून. समितीच्या साहेबांनी तो बघायलाच नकार दिला.

"मैडम, यह तो पिक्चर है. पिक्चर में तो आदमी हवा में भी उड़ता है."

ताई म्हणाली, "इसमें कोई नहीं उड़ रहा. इसमें लोग अपने खेत दिखा रहे हैं. आपका ही अफ़सर कह रहा है कि लोग वहाँ से हटे. जो थे ही नहीं, वे हटे कैसे?"

साहेब हसले. "आप कलाकार हैं, भावुक हो जाती हैं."

दावा फेटाळला गेला. त्याविरुद्ध केलेलं अपील अजून पडून आहे. परवाच मी त्या बाजूला जाऊन आलो. कुसमढान्याची शेतं होती तिथे आता पर्यटकांसाठी टुमदार बंगले आहेत. विहीर बुजवलेली नाही, तिच्याभोवती दगडी कठडा बांधून दिवे लावलेत. फाटकावरची पाटी म्हणते, 'अनछुए जंगल में आपका स्वागत है.' म्हणजे जिथे माणसाचा हात लागलेला नाही असं जंगल. ज्यांच्या हातांनी ती विहीर खणली त्यांच्या घरातल्या दोन मुली आज तिथे खोल्या झाडतात. हे सगळं इतकं उघड्यावर घडतं, आणि तरी ते बघणाऱ्या बाईला भावुक म्हणतात...

ताईच्या निधनानंतर महिन्याभराने, नाचाचं काम दिलेल्या त्याच खात्याने श्रद्धांजली सभा ठेवली. मोठं सभागृह, ताईचा हार घातलेला फोटो, पुढच्या रांगेत अधिकारी. फुलवतीबाई वस्तीतल्या चार बायकांना घेऊन बसने आली होती, माझ्या शेजारी बसली होती. एकामागून एक भाषणं झाली. ताई संस्कृतीची उपासक होती, ताई निसर्गवेडी होती, ताईला आदिवासींच्या निरागसतेची ओढ होती. जमीन हा शब्द एकदाही आला नाही. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर आला तो नाच. इतकी वर्षं जपून ठेवलेला. वर कुणीतरी बासरी चढवली होती. नाचणाऱ्यांत सुक्कूदादा होते, डोक्याला मोरपीस खोचलेले. दिवे लागले, टाळ्या झाल्या, आणि फुलवतीबाई उभी राहिली.

"साहब, नाच दिखा दिया. अब खेत भी दिखाओ."

सूत्रसंचालन करणारी मुलगी गडबडली. पुढच्या रांगेतून एक गृहस्थ मागे वळून गोडपणे म्हणाले, "अम्मा, आज राजनीति नहीं. आज दीदी को याद करने का दिन है."

"याद ही तो कर रही हूँ," फुलवतीबाई म्हणाली.

मीही उठलो. मी काही बोलणारा माणूस नाही, कारखान्यात युनियनच्या सभेतही मागे बसायचो. पण माहितीपट माझ्या पिशवीत होता. मी म्हटलं, "मी तिचा भाऊ. तिचा खरा माहितीपट मी आणलाय. तो लावा, नाहीतर तिचा फोटो मला परत द्या." हे सगळं मी रागाच्या भरात मराठीतच बोललो, पण अर्थ सगळ्यांना कळला असावा. उत्तर मिळालं, वेळ कमी आहे, बाहेर चहाची व्यवस्था केली आहे. मी मंचावर गेलो, हार उतरवून बाजूला ठेवला आणि फोटो काखेत घेऊन बाहेर आलो. पाठोपाठ त्या पाचही बायका. कुणी आम्हाला अडवलं नाही... चहाही कुणी घेतला नाही.

आठवड्याभराने खात्यातून फोन आला. ताईच्या सगळ्या टेप त्यांच्या संग्रहालयाला हव्या होत्या, अमूल्य ठेवा म्हणून, वातानुकूलित कपाटात कायमचा राहील म्हणून. कायमचा म्हणजे कुलपात, हे कळायला मला वेळ लागला नाही. मी नाही म्हटलं. फुलवतीबाईला कळवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हम आते हैं." आणि रविवारी वस्तीतले म्हातारे-म्हाताऱ्या, त्यांच्या मुली-सुना, सगळे बाग सेवनियाला हजर. ताईची मागची खोली टेपांनी भिंतभर भरलेली. माझ्या जावयाने त्यांतल्या काही संगणकावर उतरवून दिल्या होत्या. खिडकीवर ब्लँकेट टाकून अंधार केला, सतरंजी घातली आणि आम्ही बघू लागलो.

हा माहितीपट नव्हता, त्याच्या आधीचं सगळं होतं, ताईने कापून टाकलेलं. माहितीपटात तिने स्वतःचा आवाज कुठेच ठेवला नव्हता. इथे मात्र ती सतत होती, कॅमेऱ्यामागून... धापा टाकत, ठेचकाळत, काट्यात पदर अडकला म्हणून पुटपुटत. सुक्कूदादा बांधावरून चालताहेत आणि ती मागून विचारतेय, "और इसके आगे किसका खेत?" ते नाव सांगतात. थोडं चालतात. पुन्हा ती, "और इसके आगे?" चाळिशीचा, दमसासाचा, हट्टी आवाज. मी तो विसरलो होतो. मला खोलीत बसवेना, दाराशी जाऊन उभा राहिलो.

आता हे दर रविवारी चालतं. अपिलाच्या वकिलाने सांगितलंय की या टेप बघून जे ओळखू शकतात त्यांचे जबाब लिहून घेऊ. मानतील न मानतील, ठाऊक नाही. खोली मी रिकामी करणार नाही, घरातल्यांना तसं सांगून टाकलंय. मागच्या रविवारी मी चहा घेऊन आत गेलो तेव्हा खोलीत दाटी झाली होती. ज्यांनी ते गाव कधी पाहिलेलंच नाही अशा दोन तरण्या सुनाही भिंतीला टेकून बसल्या होत्या. पडद्यावर सुक्कूदादा एका बांधावर दम खायला थांबले. मागून ताईने विचारलं, "और इसके आगे?" दादा अजून श्वास घेत होते... त्यांनी तोंड उघडायच्या आत सतरंजीवरच्या सगळ्यांनी तिला उत्तर दिलं.