पश्चिमेच्या वाऱ्यातली सुटी

शफीगाच्या लग्नाला उभा जन्म लोटला होता, पण जानेवारीतलं निळंभोर आकाश तिनं नवऱ्याच्या शेजारी बसून कधी पाहिलं नव्हतं.

जौफर लांबच्या एका बेटावरच्या हॉटेलात स्वयंपाकी होता. ईशान्येचा कोरडा वारा सुटला, समुद्र निवांत पसरला, की तिथं पाहुण्यांचे थवे उतरत. मग स्वयंपाकघरातल्या कुणाला रजा कसली! पुढं वारा पश्चिमेला फिरे, लाटा उसळत, खोल्या ओस पडत. तेव्हा कुठं जौफर पिशवी खांद्याला लावून गावच्या धक्क्यावर उतरे. तोही नखशिखांत भिजलेला. शेजारची हलीमा दरवर्षी कुंपणावरून ओरडायची, "शफीगा, ढग आले गं! नवरा आला, की वाटेत आहे?"

"तुझा तर बाराही महिने घरी असतो, तरी तुला माझ्याच नवऱ्याची काळजी!" शफीगा उलट सुनवायची.

त्या दिवसांत मासेमारीच्या होड्या फारशा बाहेर पडत नसत. जौफर नीरफणसाचे काप तळायचा, सुक्या माशात खोबरं, कांदा, मिरची चुरून गरम रोटीबरोबर सगळ्यांना वाढायचा. अंड्याला मात्र हात लावायचा नाही. "जन्मभर लोकांची ऑम्लेटं परतली," म्हणायचा, "घरात तरी कोंबडीनं माझी पाठ सोडावी." पत्र्यावर पाऊस असा बडवायचा, की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नसे. मग दोघं झोपाळ्यावर डोक्याला डोकं लावून बसत आणि एकमेकांच्या कानात बोलत. लेक शौफा लहान होती, तिनं एकदा आईला विचारलं, "ममा, बप्पा उन्हात विरघळतो का गं?"

ती शौफा मोठी झाली, राजधानीत, मालेत, पर्यटकांच्या खोल्या ठरवून देणाऱ्या कचेरीत लागली. "कधी यावं?" असं दिवसभर लोक फोनवर विचारत, आणि ती सांगे, "जानेवारी, फेब्रुवारी. उन्हात या, पाण्याचा रंग बघत राहाल." जौफर निवृत्त झाला, तशी तिनं आईबापांसाठीही जानेवारीतच एका लहानशा बेटावर खोली घेतली.

"अगं, आम्ही काय पाहुणे आहोत?" शफीगा म्हणाली.

"ममा, जन्मभर बप्पानं दुसऱ्यांच्या सुट्या रांधल्या. आता मुकाट्यानं जा."

दोघं गेली. वाळू पिठासारखी, समुद्र काचेसारखा, ढगाचा एक ठिपका नाही. आणि शफीगाला करमेना. सकाळी डोळे उघडले, की खोलीभर लख्ख ऊन आणि शेजारची जागा रिकामी. जौफर सवयीनं पहाटेची नमाज आटोपून तिथल्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा असायचा. तव्याचा वास घ्यायचा आणि तिथल्या पोरांना सांगायचा, "बाबांनो, आच कमी करा."

तिसऱ्या की चौथ्या सकाळी तो परतला, तर शफीगा पायरीवर बसून डोळे पुसत होती.

"काय झालं? घराची आठवण आली?"

"घराची नाही रे. हे ऊन बघते ना, आणि छातीत कालवतं. असं आकाश असलं म्हणजे तू घरी नाहीस, एवढंच मला ठाऊक. जागी झाले, बाजूला तू नव्हतास. क्षणभर वाटलं, सगळं तसंच आहे. शौफा लहान आहे, आणि तू यायला अजून कितीतरी अवकाश आहे."

जौफर तिच्याशेजारी बसला. म्हणाला, "तिकडं पहिला काळा ढग दिसला, की पाहुण्यांची तोंडं उतरायची. मी वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचो, आणि आत जाऊन दोन घास जास्त खायचो."

शफीगा रडता रडता हसली. "लबाड!"

त्या उन्हातल्या सुटीचे उरलेले दिवस त्यांनी गोड मानून घेतले. जौफर पुन्हा पहाटे उठून कुठं गेला नाही. आणि घरी परतल्यावर शफीगानंच शौफाला फोन केला, "आम्हाला तिथंच पुन्हा जायचंय. जुलैत."

"जुलैत? ममा, लोक मला वेड्यात काढतील! पाऊस, वारा, बोट हलणार..."

"तुझ्या लोकांना जानेवारीत पाठव. आम्हाला जुलैच हवा."

जुलैत बोट अशी हलली, की शफीगानं वाटभर नवऱ्याला शिव्या घातल्या. बेटावर त्यांच्याखेरीज जेमतेम एक म्हातारं जोडपं. स्वयंपाक्याला काम नव्हतं, म्हणून जौफरनं त्याच्याकडून कढई मागून घेतली. दुपारभर पावसाच्या सरी छपरावर येत-जात राहिल्या. पडवीत दोघं एका चादरीत बसली आणि शफीगानं जुन्या गोष्टी काढल्या. गोवराच्या साथीत एकटीनं काढलेल्या रात्री, त्याची आई गेली तो दिवस, त्याला कधी न सांगितलेलं कितीतरी. तो ऐकत राहिला. मध्येच म्हणाला, "मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही." तशी ती त्याच्या कानाजवळ सरकली.

निघायच्या दिवशी समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली. शौफाचा घाबराघुबरा फोन आला, "बप्पा, तुम्ही अडकलात का रे? मी काहीतरी व्यवस्था करते!"

"काही करू नकोस, पोरी," जौफर म्हणाला. "आम्ही मजेत आहोत."

शफीगानं आतून हाक मारली, "फोन ठेव आणि ये, काप निवतायत!"