दुसरी उल्का

कॅनडातल्या केंब्रिज गावच्या त्या गल्लीत तिला सगळे मॅडी म्हणत. कागदोपत्री ती माधवी देवदत्त खांबेटे. तिचं खरं नाव उल्का होतं, पण ते तिथे कोणाला ठाऊकच नव्हतं. आपण तिला उल्काच म्हणू. निदान एवढ्या दोन-चार पानांपुरती तरी कोणाची हरकत नसावी.

नागपूरच्या राजन चिटणिसांची ही एकुलती एक मुलगी. राजनरावांना दुर्बिणीचा भारी नाद. लोक मुलींची नावं नद्यांवरून आणि फुलांवरून ठेवत, तेव्हा या गृहस्थानं आकाशाकडे बघून उल्का ठेवलं आणि वर्षभर सगळ्यांना त्याचा अर्थ समजावत फिरला. पोरगी त्या नावानं शिकली, कॉम्प्युटरची पदवी मिळवली आणि नव्याण्णव साली पुण्याच्या खांबेट्यांच्या देवदत्तशी तिचं लग्न झालं. लग्नात गुरुजींनी ताटात तांदूळ पसरले आणि देवदत्तनं त्यात अंगठीनं 'माधवी' असं लिहिलं. उल्काला क्षणभर वाटलं, बाजूच्या कार्यालयातलं ताट चुकून इकडे आलं.

ताट बरोबरच होतं. सासूबाईंनी, म्हणजे जयंतीबाईंनी, नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. "उल्का म्हणजे कोसळणारा तारा गं," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "घरात लक्ष्मी आणायची ती असल्या नावाची कशी आणायची?" सून त्यांना पसंत होती. नाव तेवढं चपलेसारखं उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचं होतं. पेढे वाटले गेले, टाळ्या वाजल्या आणि माधवीबाई घरात आल्या.

पुढच्याच वर्षी देवदत्तच्या बहिणीचं, स्वप्नालीचं लग्न ठरलं. तिच्या सासरच्यांनी भीतभीत विचारलं, आम्ही गायत्री ठेवलं तर चालेल का? त्यावर जयंतीबाई अशा कडाडल्या की व्याही पुन्हा त्या विषयाच्या वाटेला गेले नाहीत. "आमच्या मुलीचं नाव आम्ही हौसेनं ठेवलंय!" स्वप्नाली स्वप्नालीच राहिली आणि नवऱ्याबरोबर कॅनडात एडमंटनला गेली. उल्का त्या वेळी पाहुण्यांना सरबत देत होती. तिनं ते वाक्य ऐकलं, ट्रे खाली ठेवला आणि दुसरा ट्रे उचलला.

देवदत्त तसा वाईट माणूस नव्हे. कॅनडात आल्यावर तो केंब्रिजच्या गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर झाला. दरवाजाच्या फटीत केसाइतका फरक असला तरी त्याला दिसायचा. घरातलं मात्र बरंच काही त्याच्या नजरेतून सुटायचं. बायकोला तो माधवी म्हणे, ऑफिसातले लोक मॅडी म्हणत, आणि तिलाही हळूहळू सवय झाली. उल्का म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, तिची आई. राजनराव लग्नानंतर लवकरच गेले होते. दर रविवारी सकाळी नागपूरहून फोन यायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "काय करून राहिली गं उल्के?" दोन हजार पाचच्या पावसाळ्यात आईही गेली. रविवार येत राहिले, पण उल्के म्हणणारं कोणी राहिलं नाही. आई गेल्याच्या दुःखात हे दुसरं दुःख मिसळून गेलं होतं. ते वेगळं काढून दाखवायची तिला लाज वाटे. नावासाठी काय रडायचं?

त्यानंतरच्या वर्षी तिला दिवस गेले. इतक्या वर्षांनी गेले, त्यामुळे देवदत्त हवेतच होता. त्यात शेजारी गॉर्डन. हा म्हातारा साधासुधा गॉर्डन नव्हता, गॉर्डन मॅकलिश द थर्ड होता. त्याचा आजा गॉर्डन, बाप गॉर्डन, आणि मुलगा अर्थातच द फोर्थ. देवदत्तला ही कल्पना बेहद्द आवडली.

"अगं, कसलं कूल आहे! मुलगा झाला तर आपण सरळ देवदत्त ज्युनियर ठेवू. देवदत्त खांबेटे द सेकंड! ऐकायलाच किती सॉलिड वाटतं."

"आणि मुलगी झाली तर?"

"मुलगी झाली तर..." देवदत्त थांबला. "मुलगी झाली तर तू ठेव की काहीतरी छानसं."

अल्ट्रासाउंडमध्ये मुलगी असल्याचं कळलं. देवदत्त द सेकंडचा विषय त्याच दिवशी बेसमेंटमधल्या जुन्या सामानात जाऊन पडला. गाडीतून परत येताना उल्का म्हणाली, "मी नाव ठरवलंय. उल्का."

देवदत्तनं सिग्नलला गाडी थांबवली. "उल्का... चांगलं आहे. ऐकल्यासारखं वाटतंय कुठेतरी."

उल्का त्याच्याकडे नुसती बघत राहिली. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, आणि मग देवदत्तच्या डोक्यात उजेड पडला.

"अरे हो. तुझंच की! सॉरी, सॉरी. बायोडेटावर होतं, नाही का?"

ती रागावली नाही. रागावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. फक्त तिचं नक्की झालं. हे नाव घरात कोणीतरी रोज हाकारायला हवं, मग ते तिला का असेना, मुलीला का असेना. नाहीतर राजन चिटणिसांच्या मुलीचं नाव तिच्या डोळ्यांदेखत विसरून जाणार होतं जग. आणि त्या जगाची सुरुवात शेजारच्या सीटपासूनच झाली होती.

बर्फ साफ करताना तिनं गॉर्डनला विचारलं, तुमच्यात मुलींना असं सेकंड, थर्ड लावतात का? गॉर्डन फावड्यावर रेलून हसला. मुली काय, लग्न करून नाव बदलतात, मग आकडे लावून उपयोग काय, असं त्याचं म्हणणं. मग तो थोडा वेळ आजोबांच्या आठवणीत रमला. आजोबा जन्मभर नुसते गॉर्डन होते म्हणे. मुलगा झाला आणि त्याला दुसरा म्हणायला लागले, तेव्हा कुठे ते पहिले झाले. उल्कानं ते ऐकून घेतलं आणि त्याच्याही दारातला बर्फ थोडा उपसून दिला.

बाळंतपणासाठी जयंतीबाई पुण्याहून आल्या. येताना डिंकाचे लाडू आणि 'ऊर्मी' हे नाव घेऊन आल्या. फेब्रुवारीत मुलगी झाली. गुटगुटीत, काळ्याभोर केसांची, आवाज खणखणीत. आणि घरात नावाची लढाई सुरू झाली.

"जिवंत माणसाचं नाव लेकराला ठेवत नाहीत, माधवी," सासूबाई म्हणाल्या. "आईचं मुलीला तर मुळीच नाही. माणूस गेल्यावर ठेवतात, आठवण म्हणून."

"मग बरोबर आहे की, आई. उल्का गेलीच. तुमच्याच मांडवात गेली."

जयंतीबाईंनी लाडवाचा डबा जरा जोरात बंद केला. "काहीतरी अभद्र बोलू नकोस ओल्या बाळंतिणीनं."

"देवदत्त 'देवदत्त ज्युनियर' ठेवायला निघाला होता, तेव्हा तुम्ही फोनवर हसलात. तो जिवंत नव्हता का?"

"ती गंमत होती."

"मुलगा झाला असता तर गंमत राहिली नसती."

देवदत्तला दोघींनी वेगवेगळं गाठून बजावलं. त्याच्या मनाची पार त्रेधा उडाली. बायकोजवळ तो पुटपुटला, "माझंही नाव ठेवायचं राहिलंच ना गं? मी केली का तक्रार?"

"तुझं नाव तिच्या नावाच्या मधे लागणारच आहे. माझ्याही मधे लागलंय. उद्या मांजर पाळलं तर त्याच्याही मधे लागेल."

क्वालिटी इंजिनियरनं बाळाचं दुपटं पुन्हा एकदा सरळ केलं.

बारसं शनिवारी ठेवलं. बेसमेंटमध्ये पाळणा म्हणून दुकानातून आणलेल्या क्रिबला झेंडूच्या कागदी माळा बांधल्या, डब्यातल्या छोल्यांच्या घुगऱ्या केल्या. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका बूट काढून, कोट पलंगावर रचून खाली आल्या. देवदत्त केक घेऊन आला. आईनं त्याला ऊर्मी लिहून आणायला सांगितलं होतं, बायकोनं उल्का. केकवर गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, 'बेबी गर्ल'. असा तो मुत्सद्दी माणूस.

नाव ठेवण्याचा मान आत्याचा. त्यामुळे सगळं येऊन थांबलं स्वप्नालीवर. ती आदल्या दिवशीच एडमंटनहून आली होती. आल्या आल्या आईनं तिला वॉशरूमच्या दाराशी गाठून ऊर्मी सांगितलं. उल्कानं तिला आपणहून काहीच सांगितलं नाही. सांगणार होती, पण चहा देताना साखर किती एवढंच विचारलं. इतकी वर्षं ज्या नावाबद्दल तोंड उघडलं नाही, त्याच्यासाठी आता नणंदेच्या विनवण्या कुठे करायच्या? तिनं बिस्किटं पुढे केली. स्वप्नालीनंच बिस्किट बुडवता बुडवता विचारलं, "वहिनी, तुला काय हवंय?"

"उल्का," ती म्हणाली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती रडली.

गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. बाळ क्रिबच्या वरून खालून फिरून आलं आणि एवढ्या सगळ्याला कंटाळून झोपलं. स्वप्नाली वाकली. बायका तिच्या पाठीत बुक्के घालायला सरसावून उभ्या राहिल्या. जयंतीबाई पदर सावरून प्रसन्न चेहऱ्यानं बघत होत्या.

"कुर्रर्र..." स्वप्नाली बाळाच्या कानात बोलली. बुक्के पडले, हसाहशी झाली. "अगं, काय ठेवलं? मोठ्यानं सांग!"

"उल्का," स्वप्नालीनं पाठ चोळत सांगितलं. "उल्का देवदत्त खांबेटे."

जयंतीबाईंचा चेहरा उतरला. त्या मुलीजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "मी तुला काय सांगितलं होतं?"

"आई, तू माझं नाव कोणाला बदलू दिलं नाहीस," स्वप्नाली म्हणाली. "मला ते फार आवडलं होतं."

चारचौघांत यापुढे बोलणं शक्य नव्हतं. जयंतीबाईंनी घुगऱ्यांची वाटी हातात घेतली आणि एक-एक दाणा मोजल्यासारखा खात बसल्या.

नाव लागलं, पण घरात कोणी घेईना. जयंतीबाईंनी त्यावर आपला उपाय शोधला होता. नातीला त्या ठमाबाई म्हणत, सोनुली म्हणत, टमाटर म्हणत, एकदा तर लाडात येऊन भोपळा म्हणाल्या. उल्का हे दोन अक्षरी नाव मात्र त्यांच्या ओठांवर येईना. देवदत्तचं तर विचारूच नका. तो आईसमोर बेबी म्हणे आणि बायकोसमोर नुसतं हसे. नाव पुन्हा एकदा कागदावरच जाऊन बसलं. रविवारची सकाळ पूर्वीसारखीच शांत जाई. उल्का स्वतः मुलीला त्या नावानं हाक मारी, पण आपलंच नाव आपणच घेण्यात काय ते समाधान!

जुलै आला. जयंतीबाईंचा परतीचा दिवस जवळ आला होता. उल्का स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. बाहेरच्या खोलीत आजी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पाच महिन्यांच्या पोरीनं आजीचा चष्मा ओढला, तो तोंडात घातला आणि वर एका हातानं मंगळसूत्र धरलं. आजीनं ठमे म्हणून पाहिलं, सोनुले म्हणून पाहिलं. मंगळसूत्र ताणलं जाऊ लागलं, तशी त्यांची सगळी टोपणनावं संपली.

"उल्के! सोड म्हणते ना!"

हातातली सुरी टाकून उल्का धावत बाहेर आली. "ओ! आले, आई!"

पोरीनं मंगळसूत्र सोडलं. चष्म्यावाचून डोळे बारीक करून जयंतीबाई सुनेकडे बघत राहिल्या. तिचे हात ओले होते, बोटांना भेंडीचा चिकट रस होता, आणि शाळेत हजेरी दिल्यासारखी ती ताठ उभी होती.

"तुला नाही गं," अखेर जयंतीबाई म्हणाल्या, आणि चष्मा पदराला पुसू लागल्या. बराच वेळ पुसला. "मी धाकटीला ओरडले. थोरल्या उल्केनं जाऊन चहा टाकावा."

उल्का आत गेली. तिनं आधण ठेवलं, साखर घातली, आलं किसलं. मग तिथूनच, ऐकू आलं असूनही, मोठ्यानं विचारलं, "आई, चहा कोणाला टाकायला सांगितलात?"

"थोरल्या उल्केला," बाहेरून आवाज आला.