अध्यक्षांच्या बोलीवर पास

आमच्या पुसदच्या क्लबात पत्त्यांतला ब्रिज येणारी माणसं कमी आणि अध्यक्षांना घाबरणारी जास्त. अध्यक्ष म्हणजे माझा नवरा ज्या शाळेत मास्तर आहे त्या संस्थेचे अध्यक्ष. रविवारी सकाळी ते यायचे, पंख्याखालचं टेबल घ्यायचे, आणि त्यांनी एकदा बोली लावली की समोरच्यांची वाचाच बसायची. त्यांच्यावर चढी बोली लावायची नाही, हा तिथला अलिखित कायदा. लाळघोटेपणा नुसता! वर त्याला नाव काय, तर साहेबांचा मान.

नवरा माझा पार्टनर. खेळ मीच शिकवला ह्यांना, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पत्ते मांडून. दहादा सांगितलं होतं, की मी बदाम म्हटले, म्हणजे बदामाचा हुकूम मागितला, नि मधे कुणी इस्पिक घुसवले आणि तुमच्या हातात बदामाची चार पानं असली, तर गप्प बसायचं नाही. बदाम वाढवायचे. तुम्ही सोबत आहात हे मला तिथल्या तिथं कळलं पाहिजे. "हो हो, समजलं," म्हणायचे. डोंबल समजलं!

नागपूरच्या स्पर्धेला क्लबातून एकच जोडी जाणार होती. मला जायचं होतं. फार जायचं होतं, उगाच कायले खोटं बोलू? जन्म सासरच्या तुरी-सोयाबीनमागं गेला. एवढी एक गोष्ट मला बरी यायची, ती ह्यांच्या जोडीनं चार लोकांत खेळून दाखवायची होती.

शेवटचा डाव उरला तेव्हा आम्ही आणि अध्यक्षांची जोडी बरोबरीत होतो. मी म्हटलं, एक बदाम. अध्यक्ष म्हणाले, एक इस्पिक. हे घसा खाकरून म्हणाले, "पास." अध्यक्षांचा जोडीदारही पास. माझ्याकडे इस्पिकची चार भुक्कड पानं, एकटी काय बोलणार? अध्यक्षांनी त्या बोलीला लागणारे सात हात आरामात केले आणि जिंकले.

ह्यांच्या हातून राजा-राणीसकट बदामाची चार पानं निघाली होती. इस्पिक एकुलतं एक. डाव आमचा होता!

"काहून पास केलं?" मी तिथंच विचारलं.

"साहेब बोलले होते ना," हे हळूच म्हणाले. "त्याइच्या आडवं कसं जाऊ मी?"

अध्यक्ष खो खो हसले. "अहो मास्तर, चार बदाम घेऊन गप बसले? कमाल करता!" आणि हे शाबासकी मिळाल्यासारखे हसले. मला किळस आली.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. त्यांच्या जोडीदाराकडे नेमकं स्पर्धेच्याच आठवड्यात लग्न होतं. "वहिनी, खेळ तुमचा चांगला आहे. नागपूरले माझ्यासंग चला."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. नाही म्हणा, निदान 'तिले इचारा' म्हणा. हे पानं गोळा करत होते.

"साहेब म्हणून राह्यले, तं जा न."

गेले मी. तिथं दुसऱ्याच डावात माझ्या बोलीवर एक मिशीवाला गृहस्थ तोऱ्यात घुसला. अध्यक्षांनी क्षणही न घालवता माझाच रंग वाढवला. साथ म्हणजे काय ते मला त्या माणसाकडून कळावं, याची इतकी लाज वाटली, की डाव जिंकल्यावर मी बाथरूमचं दार लावून रडले.