फुगलेलं दार

कमळाकर पाटलांना त्या सकाळी चहासुद्धा धड प्यायला होईना, इतकी घाई झाली होती. शिरवण्यातल्या त्यांच्या आळीनं श्रमदानातून देवीचं देऊळ नव्यानं बांधलं होतं, आणि त्याचं सागवानी दार एकट्या कमळाकरांनी घडवलं होतं. उभी हयात पावणे गावातल्या कारखान्यात मशिनी पाठवायची खोकी ठोकण्यात गेली. खोकं कितीही नेटकं करा, मुक्कामी पोचलं की लोक ते पहारीनं फोडणार. टिकायचं असं काम आता निवृत्तीनंतर हाती आलं होतं, मग माणूस हुरळणारच.

आणि हुरळला की घोळही घालणारच. दाराच्या पूजेला बायका पाण्याचे तांबे घेऊन आल्या. कोऱ्या लाकडाला पाणी दाखवू नका, असं जन्मभर बजावणाऱ्या या गृहस्थांनी 'देवीचं दार हाय, घाला' म्हणत पहिला तांब्या स्वतःच ओतला. मग काय, सगळी आळी दाराला न्हाऊ घालायला पुढे. संध्याकाळी झडपा फुगून एकमेकींवर चढल्या. दार काही लागेना.

श्रमदानाचा म्होरक्या मितेश रंधा घेऊनच आला. "काका, मारू का? पाच मिनटांचं काम."

"आज तासशील, सुकल्यावर फट पडंल. ती मंग जन्माची. थांबायचं."

"आनि देवी उघड्यावर?"

"देवीवर इस्वास हाय ना? लाकूड पन तिचंच हाय."

तोऱ्यात बोलले खरे, पण नजर पुन्हापुन्हा उघड्या चौकटीकडे जात होती.  त्यांच्या बायकोनं, सुमित्राबाईंनी, घरी जाऊन आपला लग्नातला शालू आणला आणि चौकटीला पडदा लावला. उन्हात झडपा वाकतील म्हणून कमळाकरांनी त्या बिजागऱ्यांवरून उतरवून मंडपाच्या सावलीत, दोन्हीकडून वारा लागेल अशा उभ्या केल्या. घराघरांतून टेबलफॅन आले. रोज सकाळी लोक आधी दाराची चौकशी करत, मग देवीला हात जोडत. शुक्रवारच्या आरतीपर्यंत वाट बघू, नाहीतर रंधा, असं मितेशनं बजावलं होतं.

शुक्रवारी आरती झाली. झडपा बिजागऱ्यांवर चढल्या. सुमित्राबाईंनी शालू उतरवला आणि दार ओढलं. दोन्ही कडा अलगद भेटल्या, आतल्या समईचा उजेड रेघभरही बाहेर येईना. मितेशनं रंधा टाकून ढोलच गळ्यात घातला.

कमळाकरांचे डोळे भरून आले. गर्दीतून वाट काढत त्यांनी पुजाऱ्याला गाठलं.

"सकाळी दार कधी उघडता? मी येतो. माजं काम कुनी न फोडता उघडलेलं मी अजून बगितलं नाय."