पाच घरचा जोगवा

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचाच मला पगार मिळतो. या पेजवरचे अनुभव वाचतानाही मी आजवर तेच करत आले... 'हे स्वप्न असणार', 'हा वारा असणार', 'हा तर चक्क थापा मारतोय'! देव, भूत, संकेत — कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. आता माझ्याच अनुभवातली चूक काढून द्या. मी काढून थकले.

आम्ही मूळचे यवतमाळकडचे. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा मी वारज्यात टू बीएचके घेतला आणि आई-बाबांना घेऊन आले. लग्न वगैरे केलं नाही. सगळं एकटीनं उभं केलं आणि त्याचा मला बऱ्यापैकी माजही होता. दोन वर्षांपूर्वी बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग घराचा रस्ता, मग माझं नाव. त्यात त्यांना शुगर.

मागच्या थंडीत एका रविवारी सकाळी आईनं कचरा बाहेर ठेवायला दार उघडलं आणि लावायचं विसरली. मी झोपले होते. बाबा गेले.

सीसीटीव्हीत ते हायवेच्या दिशेनं जाताना दिसले. अंगात स्वेटर नाही. मी चौकीत तक्रार दिली, त्यांचा फोटो शंभरेक ग्रुपवर टाकला, एक्सेल शीट करून ऑफिसच्या मित्रांमध्ये रस्ते वाटून दिले, हॉस्पिटलं पालथी घातली. सोमवारी आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "शुगरचा पेशंट, दोन दिवस पोटात काही नसेल तर..."

मंगळवारी सकाळी मी गाडीची किल्ली घेऊन निघाले, तर आई दारात उभी.

"आज मंगळवार हाये. पाच घरचा जोगवा मागून आण. माह्यानं जिने चढनं होत नाही."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमची कुलदेवी माहूरची रेणुका. घरात धान्याचे डबे भरलेले असले तरी तिच्या नावानं पाच घरी पदर पसरायचा, मूठमूठ मागायचं आणि तेच शिजवून तिला नैवेद्य दाखवायचा. अनवाणी जायचं. का मागतोय ते सांगायचं नाही. आणि आमच्या घरची आणखी एक रीत — नैवेद्य होईपर्यंत आपल्या हातानं दुसरी कसलीही खटपट करायची नाही. लहानपणी आई मागायला निघाली की मी लाजेनं मोरीत लपून बसायचे.

"अन् फोन दे," आई म्हणाली.

"वेडी झालीस का? पोलिसांचा आला तर?"

"आला त आला. दोन दिवस तुह्या अकलेनं केलं ना सारं? आता दुपारलोक तिच्यावर सोड."

मी ओरडले तिच्यावर. अगदी वाट्टेल ते बोलले. बाबा मेले तर तुझी देवी येणार आहे का, इथपर्यंत. ती रडली नाही की रागावली नाही, नुसता हात पुढे करून उभी राहिली. शेवटी मी फोन बंद करून तिच्या हातावर ठेवला. श्रद्धा-बिद्धा काही नाही, खरं सांगते. पुढे कुठे शोधायचं तेच मला कळत नव्हतं.

सोसायटीत सगळ्यांना बाबांचं माहीत होतं. दार उघडलं की पहिला प्रश्न, "काही कळलं का?" आणि मी उत्तर न देता ओढणी पसरून म्हणायचे, "जोगवा वाढा." मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या दोन घरी तांदूळ मिळाले, तिसऱ्या घरी तुरीची डाळ. चौथ्या घरी नवीन आलेलं जोडपं, दोघंही आयटीतली. ती मुलगी गोंधळली. "दीदी, आम्ही घरी कुकच करत नाही... ओट्स आहेत. चालतील?" मी मान हलवली.

पाचवं घर तळमजल्यावरच्या रिटायर्ड काकांचं. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "अहो, वडील हरवलेत आणि आपण धान्य मागत फिरताय? शिकलेल्या आहात ना?" मी ओढणी तशीच पसरून धरली. ते आत गेले आणि मुगाची डाळ घेऊन आले. देताना मात्र दोन्ही हातांनी दिली.

आईनं सगळं एकाच कुकरमध्ये शिजवलं, ओट्ससकट. साडेबाराला नैवेद्य दाखवला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि मग फोन माझ्या हातात दिला.

मी तो चालू केला. एकाच नंबरवरून तीन मिस्ड कॉल येऊन गेल्याचे मेसेज. पहिला साडेअकराचा! माझं डोकंच फिरलं. एक तास आम्ही खिचडी शिजवत बसलो होतो. मी फोन लावला.

"ताई, वाघोलीच्या म्होरं आमची झाडांची नर्सरी हाय. फोटुतलं आजोबा हितं बसल्यात बगा."

वारज्यापासून वाघोली म्हणजे अख्खं पुणे मध्ये. दोन तास लागले. बाबा गुलाबाच्या कुंड्यांशेजारी खुर्चीवर बसले होते. मळलेले, पण शांत. मी त्यांना मिठी मारून रडले. त्यांनी परक्या बाईला थोपटावं तसं मला थोपटलं.

नर्सरीवाल्या ताई म्हणाल्या, "सकाळधरनं काय तोंडात घेईनात. भाकरी दिली, च्या दिला... 'घरून येतंय' म्हनत्यात. साडेबाराला मी मोटर बंद कराया गेले. आले तर ह्ये नळावर हात धुत हुते. 'जेवलो' म्हनले. तुमच्याकडचं कोन आलं हुतं?"

कोणी नाही. कोणीही आलं नव्हतं.

जवळच्या दवाखान्यात शुगर तपासली. डॉक्टर म्हणाले, "जेवणानंतरची दिसतेय. ठीक आहेत." दोन दिवस उपाशी आहेत म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "वाटत नाही."

गाडीत बसल्यावर बाबा आपणहून बोलले. "बाईनं पोटभर वाढलं. दोनदा वाढलं. पन खिचडीत ते गिळगिळीत काय होतं वं?"

मी गाडी बाजूला घेतली. "कोणती बाई, बाबा?"

"होती एक. वळखीची नव्हती."

तुम्ही म्हणाल, ग्रुपवरच्या फोटोमुळे सापडले. मान्य. तुम्ही म्हणाल, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीतरी डबा दिला असेल. ओट्स घातलेल्या खिचडीचा? बरोबर साडेबाराला? मी पुन्हा त्या नर्सरीत गेले, कामावरच्या बायकांना विचारलं, शेजारच्या टपरीवर विचारलं. कोणी काही बघितलं नव्हतं.

बाबा बरे झालेले नाहीत. उलट वाढलंय. आता ते आईलाही ओळखत नाहीत. दाराला दोन कुलपं आहेत, त्यांच्या गळ्यात जीपीएस आहे, आणि हे सगळं किती तोकडं आहे ते मला ठाऊक आहे. परवा मी चिडून आईला म्हणाले, "तुझी देवी एवढं करू शकते, तर मग त्यांना धड परत का नाही आणलं?"

आई भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "म्या तिले परत आणाले सांगितलंच नव्हतं. ते परत येतीन असं मले वाटतच नव्हतं. म्या म्हटलं, माय, जातीन त जाऊ दे... पन उपाशी नको."

तिनं एकेक भांडं विसळून पालथं घातलं आणि बाबांचं ताट वाढायला घेतलं. मला ना त्या दुपारचं काही उमगलंय, ना माझ्या आईचं.