पितळी ढोलाचं वय

मद्रासेतल्या जितक्या घरांचे आजोबा आमच्या घरमालकांनी एकट्याने खोटे पाडले, तितके दुसऱ्या कुणी पाडले नसतील. कुणी मोठ्या अभिमानाने ढोल घेऊन यावा, 'आमच्या आजोबांनी हा लढाईत वाजवला' म्हणावं, आणि घरमालकांनी तो उलटा करून खालचा एक स्क्रू नखाने टोकरत सांगावं, "हा इस्क्रू तेव्हां जन्मलाच नव्हता, सरी?" की संपलं. पाहुणा आजोबांसकट जिना उतरून जाई. ढोल म्हणजे त्यांच्या लेखी एकच, साइड ड्रम. लग्नाच्या बँडमध्ये गळ्यात तिरका अडकवून दोन काठ्यांनी बडवतात तो. त्याच्या खालच्या कातड्यावर आतड्यांपासून वळलेल्या तातीच्या नाहीतर तारेच्या दोऱ्या ताणलेल्या असतात, म्हणून तो तडतडतो. एवढं ज्ञान मला झालं, कारण टी. नगरमधल्या त्यांच्या माडीवर मी चार वर्षं भाडेकरू होतो. गिंडीच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली होती. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं गाव, गोत्र, पगार काही विचारलं नाही. "पुण्यास कोणाकडे जुने ढोल आहेत काय?" एवढंच विचारलं. मी ठोकून दिलं, "पुष्कळ आहेत." खोली मिळाली.

घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. बखरीतलं वाक्य घ्यावं, त्याला तमिळ हेल लावावा आणि शेवटी 'सरी', म्हणजे 'बरोबर', म्हणून मान डोलवावी, ही त्यांची मराठी. मी पुण्याचा, तेव्हा शुद्ध मराठीचा मक्ता आपल्याकडे, अशी माझी समजूत होती. "तुमची मराठी फार नवी आहे हो," असं म्हणून त्यांनी ती पहिल्याच आठवड्यात उतरवली. आयुष्यभर त्यांनी रेल्वेच्या कचेरीत कारकुनी केली, पण तो त्यांचा जोडधंदा होता. खरा उद्योग ढोलांचं वय ओळखण्याचा, आणि त्याची एक पद्धत होती. आधी ढोल ताणलाय कशाने ते बघायचं; दोरीने असेल तर जुना, स्क्रूने असेल तर नवा. मग खालच्या दोऱ्या तातीच्या की तारेच्या. मग बनवणाराची छोटी पाटी. ढोलाच्या अंगाला हवेसाठी एक भोक असतं, त्याला नाक लावून ते डोळे मिटून दीर्घ श्वास घेत, आणि असा वास घेतल्यावर पाच मिनिटं कुणाशी बोलत नसत. शेवटी, मालकाची तयारी असेल तर, कातडं काढून आतला जोड पाहायचा. जुन्या कारागिरांनी हाताने ठोकलेला जोड दातेरी असतो, यंत्रावरचा सरळ. "बाहेरून अस्की खोटं बोलतात. आंतला जोड बोलत नाही," असं ते म्हणत. अस्की म्हणजे सगळे. निकाल लागला की वहीत त्या ढोलाची रीतसर कुंडली मांडली जाई.

या विद्येला काळवेळ नव्हती. पोंडी बाजाराच्या रस्त्यावर एकदा त्यांनी आख्खी वरात थांबवली, कारण बँडवाल्याच्या ढोलाला जुन्या पद्धतीचं लाकडी कडं दिसलं. नवरदेव मोटारीत घामाघूम, वधूपिता हात जोडतोय, मुहूर्त टळायला आलाय, आणि आमचे घरमालक रस्त्यावर उताणे होऊन ढोलाच्या पोटाखाली. मी त्यांना ओळखत नाही असं दाखवून समोरच्या साडीच्या दुकानात शिरलो. दुसऱ्या खेपेला एक अँग्लो-इंडियन वादक आला. सिनेमाच्या स्टुडिओत ड्रम वाजवायचा, चांगला सहा फूट उंच. पणजोबांच्या पलटणीचा ढोल दाखवायला म्हणून आला आणि जाताना डोळे पुसत गेला. घरमालकांच्या पत्नींना, म्हणजे मामींना, त्याची दया येऊन त्यांनी त्याला जिन्यातच कॉफी दिली. "खोटं पाणी पिऊन माणूस किती दिवस जगणार?" घरमालक मला म्हणाले. त्यांच्यात दयामाया नव्हती असं नाही. ती ढोलाच्या बाबतीत नव्हती.

आणि या सत्यवचनी माणसाच्या दिवाणखान्यात, वेलबुट्टीच्या कापडाखाली, एक पितळी ढोल होता. तो त्यांच्या आजोबांचा. तंजावरला राजे होते तेव्हा आजोबांनी तो राजवाड्याच्या बँडमध्ये वाजवला होता. पुढे कावेरीच्या पुरात घरातलं सामान वाहून गेलं, त्यात तोही गेला, आणि महिन्याभराने घरमालकांच्या वडिलांनी शोधून खांद्यावरून परत आणला. हा चमत्कार मामी नव्या माणसाला पहिल्या कॉफीबरोबरच ऐकवीत. घरमालक मात्र वडिलांचं नाव निघालं की तोंड वाकडं करीत. वडील, म्हणजे अप्पा, पोस्टात कारकून होते. त्यांना ढोल आणि डबा यांतला फरक कळत नव्हता, असं मुलाचं स्पष्ट मत. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला अप्पा चिंच आणि राख घेऊन ढोलाची पाटी तासभर घाशीत. अशी वर्षानुवर्षं घासून त्यांनी तिच्यावरची अक्षरंच नाहीशी केली. "भक्ती आहे, अक्कल नाही. बनवणाराचं नांवच पुसलं!" घरमालक चडफडत. मग आतला जोड का बघत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आजोबांनी ओढलेली दोरी आहे. सोडायची कशी?" जगाच्या नाड्या बघणाऱ्या वैद्याने स्वतःचा हात खिशात ठेवावा तसंच हे, पण मी भाडेकरू होतो.

एके दिवशी संग्रहालयातले एक गृहस्थ आले. तंजावरच्या दरबाराच्या वस्तू काचेच्या पेट्यांत मांडायच्या होत्या आणि त्यांना हा ढोल हवा होता. फक्त त्याच्या वयाचा लेखी दाखला कुणा जाणकाराकडून पाहिजे. असा जाणकार शहरात कोण, म्हणून त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली होती, आणि चारही ठिकाणी त्यांना आमच्या घरमालकांचाच पत्ता मिळाला होता. फॉर्म ठेवून ते गेले. आजोबांचं नाव पेटीवर लागणार, ही बातमी मामींनी संध्याकाळच्या आत गल्लीभर केली. घरमालक आठ दिवस जेवायलासुद्धा नीट बसले नाहीत. नुसती सही ठोकली असती तर कुणाला कळणार होतं? पण ते त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

रविवारी सकाळी मामी देवळात गेल्या आणि मला खालून हाक आली. कापड काढलेलं होतं. "साक्षीला बसा," म्हणाले. दोरीची एकेक गाठ ते इतक्या हळू सोडत होते की मला बघवेना. कडं निघालं, कातडं निघालं. त्यांनी बॅटरी आत धरली आणि जोडावरून एकदा बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. "सरळ आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आजोबा तेव्हां नव्हतेच हो." आतल्या बाजूला एक पिवळा कागद चिकटवलेला होता. त्यावर मोडी होती, आणि मोडी त्यांना येत नव्हती. "अक्षर अप्पांचं आहे. तुम्ही वाचा."

मोडी मला शाळेत शिकवलेली होती. काहीतरी गोड ठोकून द्यावं असं मनात आलं, पण त्या माणसासमोर जीभ उचलेना. मी होतं तसं वाचलं: 'तीर्थरूपांचा ढोल पुरांत गेला तो मिळाला नाहीं. आईनें अन्न सोडिलें म्हणून मद्रासेहून हा आणिला. पाटीवरील नांव घांसून काढीत आहें. पुढें कोणी उघडील त्यानें क्षमा करावी.'

ते बराच वेळ त्या गुळगुळीत पाटीवर अंगठा फिरवत बसले. "तासभर घाशीत असत," म्हणाले, "आणि मी हसत असें." मग एकदम मान वर करून, जवळजवळ भांडायच्या सुरात म्हणाले, "पण पाहा, दोरीचा, पितळी, नेमका तसाच आणला! आजीच्या हाताला कळलं नाही, मला साठ वर्षांचा होईतों कळलं नाही. अप्पांना ढोल कळत होता!" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. मलाही राहवलं नाही, उगाच कशाला नाही म्हणू?

दुपारी त्यांनी फॉर्म भरला. काळ: राजवाडा मोडल्यानंतरचा. दरबाराशी संबंध: नाही. मूळ मालक या रकान्यात, जिथे आजोबा बसणार होते, तिथे त्यांनी सुवाच्य अक्षरात अप्पांचं नाव लिहिलं आणि पुढे 'पोस्टांत कारकून' असंही लिहिलं. संग्रहालयाला ढोल अर्थातच नको झाला. 'ह्यांना देववलाच नाही हो,' असं मामी गल्लीत सांगत राहिल्या आणि घरमालकांनी ते तसंच राहू दिलं. फॉर्मवर मालकाच्या खाली एक रकाना होता, जन्माच्या सालाचा. त्यावर पेन टेकवून ते थांबले. मग माझ्याकडे पाहिलं, जसं काही मला ठाऊक असणार. अप्पांचं जन्मसाल त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारावं असं घरात कुणी उरलं नव्हतं. तेवढा रकाना त्यांनी कोरा ठेवला.